पाणीपत्रं : आधी टाकीवरचं मीटर वाचा

या खेपेला पत्रांचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड आहे, आणि बहुतेकांचा विषय एकच, गावातल्या नळाला लागलेलं मीटर. काही पत्रांत प्रश्न कमी आणि राग जास्त. राग वाचायला माझी हरकत नाही. नागपूर जिल्ह्यात एकतीस वर्षं ग्रामीण पाणीपुरवठ्यात शाखा अभियंता म्हणून काढली, त्यात मला सर्वांत जास्त मिळालेली वस्तू तीच. पाच पत्रं घेतो. पहिल्या पत्रातल्या ताईंनी गावाचं नाव छापू नका म्हटलं, म्हणून कोणाचंच छापत नाही.

प्रश्न : माझं गाव कुही तालुक्यात. मी पाणीपुरवठा समितीची सदस्य आहे. नवीन नळयोजनेत २९० घरांना मीटर बसले. ग्रामसभेत लोक उठून म्हणाले, सरकार आता पाणी मोजून पैसे घेणार, काढून फेका ते मीटर. सरपंचभाऊ म्हणतात वरून नियम आहे. ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात नियम दाखवतो, पण दाखवत नाहीत. आजवर महिन्याला ६० रुपये सपाट होते. लोकसंख्या १,४००. पन्नास हजार लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरते, तरी वरच्या मोहल्ल्यात पाणी चढत नाही. मागच्या महिन्यात आम्ही पाच जणींनी घरोघरी जाऊन मीटर वाचले, बेरीज १,८६० युनिट आली. योजनेचा खर्च महिन्याला २२ हजारांच्या आसपास आहे, त्यात विजेचं बिल ९ हजार. नियम काय आहे आणि दर किती लावायचा?
– एक वाचक, ता. कुही

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पाच जणींनी २९० मीटर वाचून बेरीज मारली, हे काम मला नोकरीत फार कमी गावांत दिसलं. पगारी माणसांनीही केलेलं दिसलं नाही, त्यात मीही आलो.

आधी नियमाचं बोलू. पाणी हा राज्याचा विषय आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीतली १७ वी नोंद. खेड्यातल्या प्रत्येक घराला मीटर लावलंच पाहिजे असा देशभरासाठी एक सरसकट कायदा नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशननं जे ठरवून दिलं ते वेगळंच आहे : घरात नळ, माणशी रोज किमान ५५ लिटर, तेही नियमित आणि पिण्यालायक. योजना गावाच्या हाती आली की ती चालवायची ग्रामपंचायतीनं आणि तुमच्या समितीनं. त्या समितीत निम्म्या बाया असाव्यात हेही मिशनच्याच सूचनांमध्ये आहे, तेव्हा तुम्हाला कोणी 'बाईमाणसाला यातलं काय कळते' म्हटलं तर तेवढं वाक्य वाचून दाखवा.

पैसे कोणी, कसे घ्यायचे हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये आहे. तिथे दोन पाणीपट्ट्या आहेत, सामान्य आणि विशेष. घरातली कराची जुनी पावती काढा, नमुना १० म्हणतात ती. त्यावर दोन्ही रकाने सापडतील. सामान्य पाणीपट्टी सगळ्या गावाची, विशेष पाणीपट्टी घरात नळ घेतलेल्याची. विशेष पाणीपट्टी सपाट लावा की मोजून लावा, ते गावानं आपल्या सोयीनं ठरवायचं. थकली तर वसुली कलम १२९ प्रमाणे, आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग पुढचं. म्हणजे 'सरकार पैसे घेणार' म्हणणारा आणि 'वरून नियम आहे' म्हणणारा, दोघंही अर्धवट ऐकून बोलत आहेत. पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात जातो आणि तिथूनच विजेचं बिल निघते. न भरल्यास काय होते ते विदर्भातल्या कोणत्याही गावाला सांगावं लागत नाही. पंपाची वीज तुटते आणि गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन बाया पुन्हा विहिरीवर.

आता दराआधी एक हिशेब करा, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी बातमी दरात नाहीच. पन्नास हजारांची टाकी दोनदा, म्हणजे रोज १ लाख लिटर. महिन्याला ३० लाख लिटर. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, हजार लिटर. म्हणजे टाकीतून निघाले ३,००० युनिट. घरांत पोचले १,८६०. मधले १,१४० युनिट कुठे गेले? शंभरातले अडतीस! तीन गुंड भरून निघाले तर एकाहून जास्त वाटेतच सांडला. लोकसंख्येनं भागून पाहा : टाकीतून माणशी रोज ७१ लिटर निघते, घरात ४४ लिटर पोचते. सरकारचा ५५ चा आकडा तुमच्या टाकीत आहे, नळात नाही. वरच्या मोहल्ल्याला पाणी का चढत नाही याचं उत्तर बहुतेक याच अडतीसमध्ये गाडलेलं आहे.

बहुतेक म्हणतो, कारण 'टाकी दोनदा भरते' हे पंपचालकाच्या तोंडचं आहे. टाकी पुरती रिकामी होते का, दुसऱ्या खेपेला अर्धीच भरते का, हे कोणी पाहिलं? शाळा, अंगणवाडी, देवळासमोरची तोटी यांना मीटर आहे का? ते पाणीही याच फरकात धरलं गेलं असणार. म्हणून टाकीतून गावात उतरणाऱ्या मोठ्या पाइपवर एक मोठं मीटर बसवा. ते नसेल तर घरचे २९० मीटर म्हणजे दुधाचा रतीब घरोघर मोजणं आणि म्हशीखाली किती निघालं ते न पाहणं. खर्च कशातून, विचाराल. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामावरच खर्चायची होती, त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी. ती तुमच्या गावात कुठे खर्च झाली, किती पडून आहे, ते ग्रामसभेत विचारा. ग्रामपंचायतीच्या आराखड्यातलं पान उघडायला लावा.

हे मी छातीठोकपणे सांगतो त्याला कारण आहे. एकदा मी नेमकं उलट केलं होतं.

१९९७ ची गोष्ट, सावनेर तालुक्यातलं एक गाव. मी ११२ मीटर बसवले, फीत कापली, पेढे वाटले. टाकीवर मोठं मीटर नव्हतं; अंदाजपत्रकात होतं, मीच 'पुढल्या टप्प्यात' म्हणून उडवलं. महिनाभरानं एक म्हातारबाबा कार्यालयात आले. दुपट्ट्यात बांधून आणलेलं मीटर टेबलावर ठेवलं, खाली ओलं वर्तुळ उमटलं. म्हणाले, "साहेब, हे पाणी नाही मोजत जी, हवा मोजते." कार्यालयातले सगळे हसले. मीही हसलो. त्यांना म्हटलं, बाबा, मीटर कंपनीनं तपासून दिलेलं आहे. ते म्हणाले, "पहाटे पाचला या, अन् मंग हसा."

दोन दिवसांनी गेलो, हसायलाच म्हणा. हिवाळा होता, अंधार. नळ सुटायच्या आधी बाबांनी तोटी उघडून ठेवली आणि टॉर्च मीटरवर धरली. आधी नळातून सूं आवाज आला, पाण्याचा थेंब नाही, आणि काचेखालची लहान तांबडी चकती भिंगरीसारखी फिरू लागली. साधारण मिनिटभर नुसती हवा. मग खाकरल्यासारखं होऊन गढूळ पाणी आलं, मग चांगलं. बाबांनी काहीच म्हटलं नाही. चहा दिला. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

झालं काय होतं, पाणी दिवसातून तासभरच सुटायचं. बाकी तेवीस तास पाइप रिकामा, म्हणजे हवेनं भरलेला. पाणी सुटलं की ते पुढची हवा ढकलत येते, आणि मीटरमधल्या पंख्याला ढकलणारी हवा आहे की पाणी हे कळत नाही. पहिल्या घरांपेक्षा शेवटच्या घरांना हा भुर्दंड जास्त. इलाज अवघड नव्हता : लाइनच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवायचे, आणि मुख्य चावी एकदम न फिरवता हळूहळू उघडायची. आम्ही दोन्ही केलं नव्हतं. पंपचालकाला घरी जायची घाई आणि मला पुढल्या गावाची.

दुसरी चूक याहून मोठी. ठरावात आम्ही लिहिलं होतं की मीटर बंद असेल तर जुना सपाट दर लागेल. आता विचार करा, ज्याचा वापर जास्त त्याला मीटरनं जास्त बिल येणार, आणि मीटर बंद पडलं की कमी. मग मीटर बंद पडतील की नाही? काहींत सुई अडकवली, काहींचं पितळ भंगारात गेलं, काही गढूळ पाण्यानं खरोखर बसले कारण पुढे जाळी लावली नव्हती. दीड वर्षानं मोजले तेव्हा ११२ पैकी ९ चालू होते. नऊ घरं प्रामाणिक होती असं मी त्या वेळी अहवालात लिहिलं. खरं तर त्यांचा वापर इतका कमी होता की त्यांना मीटरच स्वस्त पडत होतं.

म्हणून तुमच्या ठरावात हे एक कलम घाला : बंद मीटरला सपाट दर नाही. आधीच्या चालू महिन्यांची सरासरी घ्या आणि दुरुस्तीला मुदत द्या. मुदत संपली की सरासरीच्या वर. आणि मीटर कोणाच्या मालकीचं, बिघडलं तर खर्च कोणाचा, हे आजच लिहून ठेवा, बिघडल्यावर नाही.

आता दर. खर्च २२ हजार, विकलं गेलेलं पाणी १,८६० युनिट, म्हणजे युनिटला जवळजवळ १२ रुपये पडतात. पाच माणसांच्या घराला ५५ लिटरप्रमाणे महिन्याला सव्वाआठ युनिट लागतात, बिल शंभरच्या आत. गळतीतलं निम्मं पाणी जरी तुम्ही घरात पोचवलं, तरी विकलं जाणारं पाणी २,४३० युनिट होते आणि तोच खर्च युनिटला ९ रुपयांवर येतो. हे ग्रामसभेत फळ्यावर खडूनं लिहा. गळती काढली तर युनिटमागे तीन रुपये वाचतात, हे कळल्यावर मीटर काढून फेका म्हणणारा माणूसच फावडं घेऊन लाइन उकरायला येतो. (येतो म्हणजे, येईल अशी आशा.)

सपाट ६० रुपयांत २९० घरांचे १७,४०० होतात, तेही सगळ्यांनी भरले तर. तुमचा तुटवडा तिथेच आहे. माझा सल्ला असा की दर टप्प्यांचा ठेवा : पहिले आठ युनिट स्वस्त, त्यापुढचं महाग. अंगणात पाइप लावून गाडी धुणाऱ्याला महाग पडू द्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला पडू नये. आणि पहिले तीन महिने बिल नुसतं दाखवा, घेऊ नका, सपाटच घ्या. लोकांना आपला आकडा ओळखीचा होऊ द्या.

प्रश्न : माझी दोन हेक्टर संत्र्याची बाग आहे. मोबाइलवर फिरते आहे की केंद्र सरकार शेतातल्या बोअरला मीटर लावून पाण्यावर कर घेणार. खरं काय? दुसरं, ग्रामपंचायतीची पिण्याची विहीर माझ्या वावरापासून ३०० मीटरवर आहे. मला आणखी एक बोअर मारायची आहे.
– एक वाचक, ता. नरखेड

उत्तर : भाऊ, ही बातमी जून २०२५ मध्ये सुटली आणि जलशक्ती मंत्रालयानं लगेच खुलासा केला की शेतकऱ्यांच्या भूजलावर कर लावण्याचा असा निर्णय नाही. पण आगीशिवाय धूर नसतो म्हणतात, तेव्हा धूर कुठून निघाला ते सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं लाभक्षेत्र (म्हणजे कालव्याच्या पाण्याखालची जमीन) विकास आणि जल व्यवस्थापनाच्या आधुनिकीकरणासाठी १,६०० कोटींची योजना मंजूर केली. कालव्यासारख्या ठरलेल्या स्रोतातलं पाणी जमिनीखालच्या दाबाच्या पाइपनं शेतापर्यंत न्यायचं, वाटेत मोजायचं, शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी ते चालवायचं, असा तिचा घाट. त्यात 'मोजणं' आलं, मोबाइलवर फिरताना त्याला 'कर' चिकटला आणि कालव्याच्या जागी तुमची बोअर आली.

केंद्राच्या २४ सप्टेंबर २०२० च्या भूजल उपशाच्या सूचनांमध्ये शेतीला, घरगुती वापराला आणि ग्रामीण पिण्याच्या पाण्याच्या योजनांना ना-हरकत घेण्यापासून सूट आहे. ना-हरकत घेऊन उपसा करणाऱ्या कारखान्यांना, खाणींना मात्र डिजिटल मीटर लावावं लागते. तुम्ही त्यांत येत नाही.

पण निर्धास्त होऊन झोपू नका, कारण आपल्या राज्याचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. त्याच्या लेखी ६० मीटर किंवा त्याहून खोल गेली की ती 'खोल विहीर', आणि अशा विहिरींवर त्यात बंधनं आहेत, उपकराचीही तरतूद आहे. ६० मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. नरखेड-काटोलकडच्या बोअर किती फुटांच्या असतात ते मी इथे छापत नाही, तुम्हाला माहीत आहे आणि बोअरच्या गाडीवाल्यालाही. २०१८ मध्ये या कायद्याच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा भरपूर आरडाओरड झाली होती. आजच्या अफवेत त्या वेळची भीती थोडी मिसळलेली आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर आहे. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर नाही. हा नियम १९९३ च्या कायद्यापासून चालत आला आहे. तुम्ही ३०० वर आहात. 'रातोरात मारून घेऊ' असं कोणी सुचवलं असेल तर ऐकू नका. मे महिन्यात ग्रामपंचायतीची विहीर आटली की पहिलं बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल, आणि खाली कोणती बोअर कोणाचं पाणी ओढते ते तपासायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक येतात. आधी त्यांच्याच जिल्हा कार्यालयात जाऊन या, गट नंबर आणि सातबारा घेऊन.

एक आगाऊ सल्ला, न मागता. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला मार्च २०२९ पर्यंत वीज माफ आहे. बिल येत नाही म्हणून पंप किती वेळ चालला ते कोणी पाहत नाही, आणि बोअर आटतेय हे समजते तेव्हा झाडं सुकलेली असतात. सरकारसाठी मोजू नका, स्वतःसाठी मोजा. मीटरही लागत नाही. दोनशे लिटरचा ड्रम बोअरच्या तोंडाशी ठेवा आणि घड्याळ लावा. ८० सेकंदांत भरला तर सेकंदाला अडीच लिटर, तासाला नऊ हजार. दर महिन्याच्या एक तारखेला, पंप अर्धा तास चालल्यावर, हे करा आणि पंपाच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. ऐंशीचे शंभर सेकंद झाले की पाणी खाली चाललं समजा. आंबिया बहार धरायचा की मृग, याचा निर्णय त्या झाकणावरच्या आकड्यांना विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही घरी चौघं. नवीन मीटरनं महिन्याचे ३१ युनिट दाखवले. शेजाऱ्याचे ७. मीटर खराब आहे असं पंचायतीत सांगितलं तर म्हणतात तुमच्याच घरात गळती असेल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, ता. हिंगणा

उत्तर : दोघांचंही नको. बादलीचं ऐका.

चार माणसांना ५५ लिटरप्रमाणे महिन्याला साडेसहा युनिटच्या थोडं वर लागते. ३१ म्हणजे रोज हजार लिटरच्या वर. एवढं चौघं पिऊन, धुऊन, आंघोळ करून संपवू शकत नाहीत, अगदी नागपूरच्या मे महिन्यात सुद्धा.

आधी मीटर तपासा. काचेखाली काळे आकडे असतात ते घनमीटर, म्हणजे युनिट. तांबडे आकडे किंवा तांबड्या सुया म्हणजे त्याखालचे लिटर. काही घरी तांबडेही काळ्यांना जोडून वाचतात आणि तीन युनिटचे तीनशे होतात, तेव्हा वाचणाऱ्यानं काय वाचलं ते पण बघा. मग पाणी चालू असताना लिटरच्या खुणा असलेल्या बादलीनं मोजून शंभर लिटर घ्या आणि तांबडा आकडा किती सरकला ते पाहा. शंभराला शंभराच्या आसपास सरकला तर मीटर ठीक. एकशेचाळीस सरकला तर बदलायला सांगा. पाणी सुटल्या-सुटल्या हे करू नका, हवा निघून जाऊ द्या; हवेचं प्रकरण वर सांगितलंच. अंगावरचा बाणही बघून घ्या, पाणी ज्या दिशेनं जाते त्याच दिशेला तो हवा, आणि मीटर आडवं, सपाट बसलेलं हवं. उभ्या पाइपवर, नालीच्या वर तिरपं टांगलेलं मीटर मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता रस्त्यानं जाताना मान आपोआप तिकडे वळते. घरच्या मीटरवर तर मी रोज सकाळी एकदा वाकतोच. बायको म्हणते, देवपूजेला एवढा वेळ दिला असता तर.

मीटर ठीक निघालं तर गळती शोधा. घरातली प्रत्येक तोटी बंद करा, काचेखालची लहान चकती बघा. ती जराशी जरी फिरत असेल तर पाणी कुठेतरी जात आहे. तुमच्याकडे गच्चीवर टाकी आहे का? असेल तर पहिला संशय तिच्या फ्लोटवर. गोळा अडकला की टाकी भरून पाइपानं मागच्या अंगणात वाहते, तिथे अळू छान वाढते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरा संशय संडासाच्या फ्लश टाकीवर. तीन मिनिटांना एक लिटर एवढी बारीक धार असली तरी दिवसाला ४८० लिटर होतात, महिन्याला १४ युनिटच्या वर. नळ तासभरच येतो मग चोवीस तास कसं गळेल, असं विचाराल. ते गळते तुमच्या टाकीतून, आणि टाकी दुसऱ्या दिवशी मीटरमधून पुन्हा भरते.

आणि नळाला थेट टिल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी मोटर) लावला असेल तर काढा. टिल्लूनं फक्त शेजाऱ्याचं पाणी ओढलं जात नाही. फुटक्या जोडातून नालीचं घाण पाणी आणि हवाही ओढली जाते. नाली पोटात जाते आणि हवा बिलात.

प्रश्न : पेंचच्या कालव्याचं पाणी धानाला घेतो. आमच्या शेताच्या तोंडाशी पण मीटर लागणार का? पाणीपट्टी हेक्टरवर की मोजून?
– एक वाचक, ता. मौदा

उत्तर : तुमच्याकडे पाणी वापर संस्था आहे की नाही त्यावर. २००५ च्या शेतकऱ्यांनी सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन करण्याच्या कायद्याप्रमाणे संस्थेला पाणी घनमापनानं मिळते, म्हणजे संस्थेच्या दाराशी मोजून. दराची चौकट महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. आत कोणाला किती पाळ्या, कोणतं पीक, हे संस्थेनं बघायचं. शेताच्या तोंडाशी मीटर नाही. संस्था नसेल तर पीक आणि हेक्टर, जुनी रीत. धानाच्या बांधीत पाणी हेक्टरवर घेतलं की वरचा शेतकरी भरपूर घेतो आणि शेपटाकडचा आभाळाकडे बघतो. मोजून घेतलं तर निदान भांडायला आकडा मिळतो. संस्था कागदावरच असेल तर तसं लिहा, पुढल्या वेळी तेवढंच घेतो.

प्रश्न : माझ्या सहा म्हशी आहेत. ५५ लिटरात त्या धरल्या आहेत का? मीटर लागलं तर मी धंदा कसा करू?
– एक वाचक, ता. कळमेश्वर

उत्तर : नाही धरल्या. ५५ लिटर माणसांसाठी. पूर्वीच्या केंद्रीय योजनेत वाळवंटी भागासाठी माणशी ४० लिटर आणि वर जनावरांसाठी ३० लिटर असा हिशेब होता; कळमेश्वरला तो कधी लागला नाही. उन्हाळ्यात एक म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर सहज पिते, म्हणजे तुमच्या घरात सहा माणसं जास्तीची आहेत असं समजा. तीही चौकात धुतली न जाता नुसती प्यायली तर.

तुमच्यासाठी ग्रामसभेत दोन गोष्टी मागा. एक, जनावरांच्या हौदाला वेगळी जोडणी आणि वेगळा टप्पा, घरगुतीच्या महाग टप्प्यात टाकू नये. दुसरी, त्या हौदाला गावाच्या जुन्या विहिरीचं पाणी. नळाला क्लोरीन टाकून, वीज जाळून टाकीवर चढवलेलं पाणी म्हशीला पाजणं गावाला परवडत नाही आणि म्हशीला त्या वासाची आवडही नसते. नळयोजना आली की बऱ्याच गावांत जुनी विहीर कचऱ्यानं भरते. तुमची अजून वापरात येण्यासारखी असेल तर पावसाळ्याआधी उपसून घ्या, आणि किती फुटांवर पाणी लागलं ते मला कळवा.